वावळाचा खराटा

सिद्धलिंगप्पाचं मंगळवार पेठेत लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, करवती, तारेची भेंडोळी. माणूस व्यवहाराला चोख, बोलायला गोड आणि देवधर्माला पुढे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पेठेत त्याला कुणी वाईट म्हणालं नसतं, आणि तोही स्वतःला वाईट समजत नव्हता. पोटात एवढी आग असू शकते हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही हातभर उंचीच्या एका झाडापायी.

त्याचं असं झालं. सात रस्त्याच्या पलीकडे एका बंगल्यात होर्मसजी नावाचे पारशी साहेब राहत. एका गिरणीत ते इंजिनियर होते. गिरणीनं त्यांना नवे माग बघायला जपानला धाडलं होतं. तिथून ते मागांची माहिती घेऊन आले, आणि सोबत एक वेडही घेऊन आले. मोठाली झाडं उथळ कुंडीत लहानशी राखायची, त्यांना घाट द्यायचा. बोनसाय म्हणायचे ते त्याला. जपानहून आणलेली रोपं सोलापूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात करपून गेली. मग साहेबांनी इथलीच झाडं धरली. उंबर, चिंच, आणि ओढ्याकाठी आपोआप उगवणारा वावळ.

फांद्या वळवायला तांब्याची मऊ तार लागे. ती घ्यायला साहेब सिद्धलिंगप्पाच्या दुकानी येत. एकदा सिद्धलिंगप्पा तार पोचवायला बंगल्यावर गेला आणि तिथंच अडकला. पुढे दर रविवारी दुकान बंद असलं की त्याची पावलं बंगल्याकडे वळायची. दोन वर्षांनी त्यानंच आपला मित्र बंदेनवाज याला तिथं नेलं. बंदेनवाज शुक्रवार पेठेतला जिल्दसाज. पुस्तकांच्या, वह्यांच्या बांधणीत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. सिद्धलिंगप्पापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून तो त्याला 'अप्पा' म्हणायचा.

"साहेब, हा माझा दोस्त," सिद्धलिंगप्पानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. "ह्याला बी शिकवा की."

ते वाक्य पुढे त्याला कितीदा आठवलं, आणि आठवलं की त्याला आपलीच जीभ चावावीशी वाटे.

तीस सालचा मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी साहेब नोकरी सोडून नवसारीला परत जायला निघाले. सामानाची बांधाबांध झाली. साहेबांनी दोघा शिष्यांना बोलावून घेतलं. ओट्यावर दोन झाडं काढून ठेवली होती. एक होता उंबर. जाड बुंध्याचा, कुंडीबाहेर मुळं पसरून बसलेला, आणि त्या एवढ्याशा फांद्यांना चक्क लाल फळं लागलेली. बंगल्यावर येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्यापाशी थांबायचा. दुसरं झाड म्हणजे नुसती काठी. अंगठ्याहून जाड, सरळसोट वावळाचं खोड, वर सपाट कापलेलं. एक फांदी नाही, एक पान नाही. कापलेल्या टोकाभोवती सुतळीचे वेढे घट्ट आवळलेले.

साहेबांनी उंबर सिद्धलिंगप्पाला दिला. त्याची छाती फुगली. काठी बंदेनवाजला दिली.

"आ वावळ मी पाच वरस फक्त खोडासाठी वाढवला," साहेब म्हणाले. "सरळ, जाडा. आता तेचा डोका कापला. इथून चारी बाजूला कोंब येल. त्यातला बराबर ठेवायचा, बराबर काढायचा. एक फांदीची दोन, दोनची चार. सगळी वर जायला पायजे, पंख्यासारखी. तुमी अंगण झाडते ना, तो खराटा उलटा उभा केला तर कसा दिसेल? तसा."

मग ते सिद्धलिंगप्पाकडे बघून हसले. मनात काही नसताना माणूस हसतो तसं. "तुला तैयार झाड दिला, हां. तुला वाट बघायला नाय जमत. ह्याला जमते."

एवढंच. पुढे त्यांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं गेलेही. पण ते वाक्य सिद्धलिंगप्पाच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं.

उंबर घरी आला. नीलव्वानं, त्याच्या बायकोनं, त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारीपाजारी बघायला आले, वा वा करून गेले. सिद्धलिंगप्पा सगळ्यांपुढे हसायचा आणि लोक गेले की त्या झाडाकडे तोंड वाकडं करून बघत बसायचा. त्या झाडात त्याचं काय होतं? ते पुरं होऊन आलेलं. पाणी घालायचं आणि पालापाचोळा वेचायचा. दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक आपल्या दारात ऐकून घेतल्यासारखं त्याला वाटे. आणि तिकडे शुक्रवार पेठेत एक काठी उभी होती, जिच्यात अजून सगळं व्हायचं होतं. साहेबांनी विद्या तिकडे दिली आणि आपल्याला खेळणं दिलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

मग त्यानं एक गोष्ट केली. ओढ्याकाठी जाऊन एक तरणा वावळ मुळासकट उकरून आणला, कुंडीत लावला, त्याचं डोकं सपाट कापलं आणि साहेबांनी शिकवलं होतं तशी सुतळी बांधली. ही सुतळी फार महत्त्वाची. जखम भरताना झाडाचा रस वर उसळतो, आणि टोक आवळलेलं नसलं तर तिथं गाठ फुगते. म्हणून कोंब फुटले तरी दिवाळीपर्यंत ती सोडायची नाही. आणि कोंबांची दाटी होऊ द्यायची नाही, नाहीतर तीही गाठच करते. सिद्धलिंगप्पाला हे पाठ होतं. बंदेनवाजला त्यानं आपल्या झाडाचा पत्ताही लागू दिला नाही. परसात, न्हाणीच्या मागं ती कुंडी ठेवली आणि रोज सकाळी उठून आधी तिचं तोंड बघायचा.

चैत्र सरता सरता कोंब आले. तीन. तीनही एकाच अंगाला. दुसरं अंग कोरडं ठक्क. झाड म्हणजे एका बाजूला केस उरलेलं टक्कल वाटत होतं.

त्याच आठवड्यात बंदेनवाज धापा टाकत दुकानी आला. "अप्पा, चला! आत्ता चला! फुटलंय!"

सिद्धलिंगप्पानं गिऱ्हाईक तसंच सोडलं. बंदेनवाजच्या घरामागं एक अरुंद अंगण होतं. सकाळचं ऊन तिथं जेमतेम तासभर यायचं. तिथं तिवईवर ती काठी होती, आणि तिच्या माथ्याभोवती, सुतळीच्या वरच्या काठावर, हिरव्या मण्यांची माळ घालावी तसे कोंब. पूर्वेला, पश्चिमेला, सगळीकडे. कुणी मोजूनमापून लावल्यासारखे.

सिद्धलिंगप्पाला आधी वाटलं, हा लबाडी करतोय. मग वाटलं, साहेबांनी ह्याला काहीतरी गुपित सांगितलं असणार. तसं काही नव्हतं. त्या झाडाला फुटायचं होतं, ते फुटलं होतं.

"कसं हाय?" बंदेनवाज लहान पोरासारखा विचारत होता. "आता फुडं काय करायचं अप्पा? ह्यातले ठेवायचे किती? आणि सुतळी? तुमी पहिले चेले, तुमाला सगळं ठाऊक."

सिद्धलिंगप्पा काही ठरवून आला नव्हता. पण तोंडातून शब्द निघाले, आणि ते इतके सहज निघाले की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"सुतळी आता सोडून टाक. कोंब आल्यावर तिचं काय काम? साल घुसमटंल. आणि कोंब राहू देत सगळे. लई नाजूक हायत. ताकद येऊ दे झाडाला."

बंदेनवाजची बायको चांदबी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "साहब तो दिवाली तक बोले थे ना? तुमीच मेरेकू बोले."

"तू गप," बंदेनवाज म्हणाला. "अप्पा दोन साल आधीपासून शिकलेत."

त्यानं नखानं गाठ सोडली. सुतळीचे वेढे एकेक करून उलगडले. सिद्धलिंगप्पा समोर उभा राहून बघत होता. 'थांब' म्हणायला त्याला पुष्कळ वेळ होता. तो म्हणाला नाही. त्या रात्री जेवताना त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि नीलव्वाला म्हणाला, आमटी झकास झालीय.

पावसाळाभर तो शुक्रवार पेठेत जात राहिला. जायचं काही कारण नसे. पण दुखऱ्या दाताला जीभ लावल्याशिवाय राहवत नाही, तसं त्याचं झालं होतं. आधी झाड फारच छान दिसलं. दाट हिरवा झुपका, येणारेजाणारे थांबून बघत. सिद्धलिंगप्पा धास्तावला. आपण चुकीचं सांगितलं आणि तेच ह्याच्या पथ्यावर पडलं की काय? मग श्रावणात कोंबांच्या बुडाशी जाडी दिसू लागली. भाद्रपदात तिथं लिंबाएवढी गाठ झाली. नवरात्र येईतो सरळ देखण्या खोडावर वळलेल्या मुठीसारखं काहीतरी बेढब बसलं होतं आणि त्यातून फांद्या वेड्यावाकड्या बाहेर आल्या होत्या.

"काय झालं असंल हो अप्पा?" बंदेनवाज विचारायचा. "पाणी जास्त झालं का?"

"झालं असंल," सिद्धलिंगप्पा म्हणायचा. "वावळाचा काय भरवसा."

घरी परतताना त्याची चाल हलकी असे. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटत होतं. फक्त एक गोष्ट त्याला छळायची. बंदेनवाज त्याच्यावर चिडत नव्हता, शंकाही घेत नव्हता. आल्यावर त्याच्यासाठी चहा टाकायला सांगायचा, बसायला पाट झटकून द्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर सिद्धलिंगप्पाला चार शब्द उलटे बोलता आले असते आणि हिशेब मिटला असता. न्हाणीमागचं त्याचं स्वतःचं झाड तोवर वाळून गेलं होतं. सुतळी वेळेवर, कोंब वेळेवर, सगळं बरहुकूम करून.

माघात झाडांची पानं गळाली. एका सकाळी बंदेनवाज दुकानी आला आणि बारीक दात्यांची करवत मागितली.

"कशाला?"

"पुन्यांदा कापतो. गाठीच्या खाली. परत पहिल्यापासून."

सिद्धलिंगप्पा बघतच राहिला. "अरे, आणखी दोन-तीन वर्षं जातील. आणि फुटंलच कशावरनं?"

"जाऊ द्यात की. साहेब पाच वर्षं थांबले." बंदेनवाजनं करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवलं. "तुमी येता का धरायला? खोड हललं तर काप वाकडा जाईल."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो गेला. अंगणात दोघं समोरासमोर उकिडवे बसले. सिद्धलिंगप्पानं दोन्ही हातांनी खोड धरलं. बंदेनवाजनं गाठीखाली करवत टेकवली आणि हलकेच ओढू लागला. भुसा सिद्धलिंगप्पाच्या मनगटावर पडत होता.

"अप्पा, एक सांगू का?" बंदेनवाज करवत न थांबवता म्हणाला. "राग मानू नका. साहेब दिवाळीपर्यंत म्हणाले होते, ते मलाबी आठवत होतं. कोंब काढायचे हेबी आठवत होतं."

"मग सुतळी सोडलीस कशाला?"

"तुमी म्हणालात म्हणून. म्हटलं, आपली काहीतरी ऐकण्यात चूक झाली असंल. अप्पा चुकायचे न्हाईत." तो हसला. "चुकतो माणूस. ह्यावेळी दिवाळीपर्यंत ठेवू."

सिद्धलिंगप्पाची पकड ढिली झाली. करवत अडकली.

"घट्ट धरा की."

"मी चुकलो नव्हतो," सिद्धलिंगप्पा म्हणाला.

"काय?"

"मला ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत ठेवायची ते. गाठ येणार तेबी ठाऊक होतं. तुझे कोंब बघितले आणि मला बघवंना, बंदेनवाज. म्हणून सांगितलं."

बंदेनवाजनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता. न कळणाऱ्या भाषेत कुणी बोललं की माणूस जसा बघतो तसा तो बघत होता. मग हळूहळू ते त्याच्यापर्यंत पोचलं. त्यानं मान खाली घातली. करवत पुन्हा ओढायला घेतली, काप पुरा केला. गाठ फांद्यांसकट जमिनीवर पडली. सुतळी त्यानं स्वतःच बांधली. एक टोक दातात धरलं, दुसरं हातानं आवळलं. 'जरा धरा' असं म्हणाला नाही.

बांधून झाल्यावर उठला. "अप्पा, आता घरी जावा."

चांदबी दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सिद्धलिंगप्पाला वाट देण्यासाठी जरुरीपेक्षा जास्त बाजूला झाली.

त्यानंतर येणंजाणं संपलं. सात रस्त्याला, बाजारात गाठ पडे. बंदेनवाज मान हलवायचा, सिद्धलिंगप्पा हलवायचा, आणि दोघं आपापल्या वाटेनं जायचे. नीलव्वानं एकदोनदा विचारलं. मग कानडीत म्हणाली, "होगली बिडु," जाऊ दे, सोड. तिला वाटलं, पैशावरून वाजलं असेल. सिद्धलिंगप्पानं तिचा समज दूर केला नाही. पैशावरून भांडणं पुरुषाला शोभतं. ह्या भांडणाला नाव काय द्यायचं?

आणि गंमत अशी की मन एवढं पोळूनही हेवा काही विझला नव्हता. पश्चात्ताप झाला की हेवा जातो असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. दोन्ही एकाच घरात सवतींसारखे नांदत होते. दुसऱ्यांदा कापलेली ती काठी फुटली की मेली, हे कुणाकडून कळेल याची तो वाट बघायचा, आणि मेली अशी बातमी आली तर आपल्याला काय वाटेल या विचारानं घाबरायचा.

असे तीन-चार उन्हाळे गेले. मग एका माघात चांदबी स्वतः त्याच्या घरी आली. लेकीचं, गुलबानोचं लग्न ठरलं होतं. आमंत्रण तिनं नीलव्वाला दिलं, सिद्धलिंगप्पाकडे न बघता.

"आप लोगां आना," ती म्हणाली. जाताना दारात थबकून तिनं पुस्ती जोडली, "इनो बोले, बुलाना म्हणून. मैं नई बोली."

लग्नाला दोघं गेले. बोळात मांडव होता, गर्दी होती, बिर्याणीच्या देगांचा वास दाटला होता. सिद्धलिंगप्पा एका कोपऱ्यात अंग चोरून बसला. बंदेनवाजच्या दाढीत पांढरे केस आले होते. पाहुण्यांना पान देत देत तो जवळ आला, क्षणभर उभा राहिला, आणि म्हणाला, "वर चला."

माळवदावर कुणी नव्हतं. पोरांचा हात लागू नये म्हणून झाड तिथं आणून ठेवलं होतं.

पानं गळून गेली होती, त्यामुळे सांगाडा उघडा दिसत होता. आखूड, सरळ खोड. माथ्यावर गाठीचं नावनिशाण नाही. तिथून पाच फांद्या निघालेल्या, प्रत्येकीच्या दोन, त्या दोनच्या चार, चारच्या आठ, वर जाता जाता इतक्या बारीक होत गेलेल्या की शेवटी नुसता धूर वाटावा. गावाबाहेर माळावर एकटं उभं असलेलं जुनं झाड लांबून दिसतं, तसं ते दिसत होतं. बंगल्यावर साहेबांनीही असं झाड कधी केलं नव्हतं.

सिद्धलिंगप्पाच्या पोटात कळ आली. तीच, ओळखीची. वयानं तिची धार कमी झाली नव्हती.

"कुटं चुकलंय सांगा," बंदेनवाज म्हणाला.

सिद्धलिंगप्पा कुंडीभोवती फिरला. खाली वाकून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. चूक होती. एक. उत्तरेच्या फांदीवरून निघालेली एक काडी बाहेर न जाता आत वळली होती आणि शेजारणीला घासत होती. आज ती काडी होती. दोन वर्षांनी जाड झाली असती आणि झाडाचा सगळा मधला भाग बिघडवून बसली असती. बंदेनवाजला ती दिसली नव्हती. रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं? खाली बायकांची गाणी चालली होती.

"ही," त्यानं बोट लावलं. "ही आत चाललीय. ही काढ."

बंदेनवाजनं त्या काडीकडे बघितलं. मग सिद्धलिंगप्पाकडे बघितलं, बराच वेळ. इतक्यात चांदबी नवऱ्याला शोधत जिन्यानं वर आली. झाडापाशी दोघांना बघून तिचा चेहरा उतरला.

"फिर से? इनका सुनू नक्को, बोल देती मैं!"

बंदेनवाजनं हातानंच तिला थांबवलं.

"उद्या सकाळी या अप्पा," तो म्हणाला. "उजेडात बघू."

सिद्धलिंगप्पा दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता गेला. बंदेनवाज आधीच माळवदावर बसला होता. लेक सासरी गेल्यानं डोळे सुजलेले, पुढ्यात कुंडी. ती तो हळूहळू फिरवत होता. आलेल्या माणसाला 'या' म्हणायचं भानही त्याला नव्हतं.

"सकाळपासून बघतोय," तो म्हणाला. "सगळ्या अंगांनी बघितलं. माझ्या डोळ्यांनी." त्यानं कात्री उचलली. "बरोबर हाय तुमचं. आतच चाललीय."

कट्, असा बारीक आवाज झाला. काडी खाली पडली. मधली जागा मोकळी झाली आणि झाड आणखीच देखणं दिसू लागलं. सिद्धलिंगप्पाच्या पोटातली कळ पुन्हा हलली. त्यानं तिला हलू दिलं.

चांदबीनं चहाच्या दोन बश्या आणून जमिनीवर आदळल्या. त्यातली एक बंदेनवाजनं त्याच्याकडे सरकवली, आणि म्हणाला, "घ्या. निवंल."